अर्धी भाकरी मागणारी मुलगी आणि तोनोची वाट

ऑक्टोबरच्या जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही तोनोला गेलो, ते खरं सांगायचं तर मला नीट 'नाही' म्हणता यावं म्हणून. जागा न बघताच नाही म्हटलं की घरात आपण हुकूमशहा ठरतो. बघून येऊन नाही म्हटलं की विचारी आई. मला विचारी आई व्हायचं होतं.

झालं असं की, माझी लेक जुई पंधरा वर्षांची आहे. आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो आणि ती पाळणाघरापासून जपानी शाळेत जाते. एप्रिलमध्ये हायस्कूल सुरू होणार होतं. घरापासून अर्ध्या तासाच्या आत चांगल्या चार शाळा आहेत, त्यांचे नकाशे, गाड्या, निकाल सगळं मी बघून ठेवलं होतं. आणि ही बया एके दिवशी वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, मला इवातेमध्ये जायचंय. शिकायला."

इवाते म्हणजे थेट उत्तरेकडचा डोंगराळ भाग. तिकडच्या गावांमध्ये मुलंच उरलेली नाहीत, म्हणून काही सरकारी हायस्कुलं देशभरातून मुलं बोलावतात आणि त्यांची वसतिगृहात सोय करतात. जुईच्या डोक्यात बसलेली शाळा तोनो गावाजवळची. (शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.) तिथल्या मुलांचा एक क्लब आहे, तो गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन जुन्या गोष्टी ऐकतो, शिकतो आणि पुढे सांगतो. तोनो हे जपानमधलं लोककथांचं माहेरघरच म्हणा ना.

मी आधी हसले, मग समजावलं, मग चिडले. दोन आठवडे घरात तेच. शेवटी एकदा तोंडातून निघून गेलं, "जा मग. पण तिकडे काही झालं तर रडत माझ्याकडे यायचं नाही." जुई ताटावरून उठून गेली. माझा नवरा प्रसाद कधी मध्ये पडत नाही, तो त्या दिवशी पडला. म्हणाला, "अगं, बघून तर या दोघी."

दोष द्यायचाच तर तो मी ओर्लाला देईन. ओर्ला आयर्लंडची, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची आणि इंग्रजी शिकवायची. शनिवारी सकाळी इमारतीतली पोरं गोळा करून ती त्यांना आपल्या देशातल्या जुन्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टींमधल्या मुली मला भारी आवडायच्या. राक्षसाच्या घरात शिरून त्यालाच गंडवून येणारी धाकटी. पक्षी झालेल्या भावांसाठी तोंडातून चकार शब्द न काढता सदरे विणत बसलेली बहीण. राजपुत्र असलेच तर शेवटाकडे यायचे, आणि बऱ्याचदा त्यांनाच वाचवावं लागायचं. जुई तेव्हा पाच वर्षांची होती. घरी आल्यावर मी तिला त्याच गोष्टी मराठीत रंगवून सांगायचे. आपल्या मुलीने असं धीट व्हावं, हाच त्यामागचा उद्देश. धीट व्हावं आणि निशी-कसाईत राहावं, असं म्हणायचं होतं मला, पण ते गोष्टीत कुठे बसवणार?

जुईची सगळ्यात लाडकी गोष्ट तीन बहिणींची. तिघी एकेक करून नशीब काढायला घर सोडतात. निघताना आई भाकरी करते आणि प्रत्येकीला विचारते: अख्खी भाकरी आणि माझा शाप हवा, की अर्धी भाकरी आणि आशीर्वाद? हे विचारणं आयर्लंडच्या कितीतरी गोष्टींत येतं म्हणे. मोठ्या दोघी अख्खी घेतात आणि वाटेत फसतात. धाकटी अर्धी मागते.

मला हे काही झेपेना. कुठली आई घराबाहेर पडणाऱ्या पोरीला शाप देईल? आणि अर्धी भाकरी? आपल्याकडे लेक नुसती पुण्याला निघाली तरी पिशवीचे बंद तुटतील एवढं बांधून देतात. म्हणून मी तो भाग सरळ बदलला. माझ्या गोष्टीतली आई तिघींनाही अख्खी भाकरी द्यायची, वर लोण्याचा गोळा आणि आशीर्वाद. मोठ्या दोघी फसायच्या त्या आळशी असल्यामुळे. ओर्लाला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "तुमच्या गोष्टींतल्या आया फार श्रीमंत असतात," म्हणाली. पुढे ती आपल्या देशी परत गेली. गोष्टी मात्र आमच्या घरात राहिल्या.

तर आता प्रवासाबद्दल. शनिवारी सकाळी मेट्रोच्या तोझाई लाईनने ओतेमाची आणि तिथून चालत टोकियो स्टेशन. मोठं सामान असेल तर हे चालणं अंगावर येतं, जमिनीखालच्या वाटा संपता संपत नाहीत. शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सेंदाईपर्यंत तिकीट अकरा हजार येनच्या आसपास पडतं. सुट्टीच्या दिवसांत जागा आधी राखून ठेवा, नाहीतर दारापाशी उभं राहावं लागेल. आम्ही सेंदाईला मुक्काम केला तो मेधाताईंकडे. मेधाताई आमच्या जुन्या ओळखीच्या, मूळच्या साताऱ्याच्या, सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन करतात आणि भर थंडीतही सायकलवरून फिरतात. त्यांनी आम्हाला कोवळ्या सोयाबीनच्या हिरव्यागार गोड सारणातले मोची, म्हणजे तांदळाचे मऊ गोळे, खायला घातले. जुईने चार खाल्ले. मी एक खाल्ला, मला त्यात वेलची नसल्याचं दुःख झालं.

जुई आंघोळीला गेल्यावर मी मेधाताईंपुढे मन मोकळं केलं. वाटलं होतं, त्या तरी माझी बाजू घेतील.

"तुम्हीच सांगा ताई, पंधरा हे काय वय आहे?"

"मी पस्तिसाव्या वर्षी इथे आले," त्या म्हणाल्या, "तरी आमची आई म्हणाली होती, 'हे काय वय आहे?' तू मला तुला भीती कशाची वाटते ते सांग. थंडीची म्हणू नकोस."

मला थंडीचीच म्हणायचं होतं.

रविवारी सेंदाईहून शिन-हानामाकी, आणि तिथून छोट्या गाडीने तोनो. ही गाडी दोनच डब्यांची आणि दिवसातून मोजक्या वेळा धावते. एक चुकली तर पुढचे दोन तास स्टेशनवर काढायची तयारी ठेवा. पण खिडकीतून दिसतं ते सुरेख आहे. भातकापणी झालेली होती, पेंढ्या आडव्या बांबूंवर वाळत घातलेल्या, मागे डोंगर तांबडे व्हायला लागलेले. तासभर मी फोनही काढला नाही. जुई मला तिरक्या नजरेने बघत होती. "छान आहे ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघायला छान आहे."

तोनोत जेवायला हाताने तोडलेल्या कणकेच्या चकत्यांचं गरम सूप मिळतं. आपल्या वरणफळांची जपानी बहीणच ती, फक्त वरणाऐवजी मासळीचं किंवा कोंबडीचं पाणी. कट्टर शाकाहारी असाल तर बरोबर काहीतरी ठेवा. मांस खाणाऱ्यांसाठी लोखंडी शेगडीवर भाजलेलं मेंढीचं मटण आहे. जुईने ते मिटक्या मारत संपवलं.

दुपारी शाळा बघितली. पालकांसाठी त्या दिवशी ती उघडी ठेवली होती. इमारत साधी, स्वच्छ, आणि तीन मजल्यांना पुरतील एवढी मुलंच नाहीत. माझ्या शंकांची मनात भलीमोठी रांग होती. पण दारातच अस्वलांपासून सावध राहण्याची पाटी दिसली आणि बाकीच्या शंका मागे पडल्या. अस्वल! मुलं दप्तराला घंटा बांधून फिरतात म्हणे, आवाजाने अस्वल दूर जावं म्हणून. जुईने लगेच एका मुलीची घंटा वाजवून बघितली.

"आई, इट्स जस्ट अ बेल. गाईंच्या गळ्यात नसते का?"

"गाय खात नाही कुणाला."

वसतिगृह दाखवणारे शिक्षक मध्यमवयीन होते, फार गोड न बोलणारे. मी त्यांना स्पष्टच विचारलं, इथे मुलांना जड जातं का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जातं. हिवाळा कठीण असतो. पहिल्या महिन्यात तर बरीच मुलं रडतात."

"मग तुम्ही काय करता?"

"घरी फोन करायला सांगतो. आईशी बोललं की बहुतेकांचं रडं थांबतं."

मी मान हलवली. जुई जमिनीकडे बघत होती. जेवणाच्या टेबलावरचं माझं ते वाक्य तिला आठवलं असणार, कारण मला तर लख्ख आठवलं.

सोमवारी सकाळी आम्ही स्टेशनजवळून सायकली भाड्याने घेतल्या. गाव पसरलेलं आहे, सायकल हेच उत्तम. सकाळी गारठा फार, हातमोजे विसरू नका. पाण्यातला खोडकर राक्षस जिथे राहतो असं म्हणतात तो ओढा बघितला. त्याच्यासाठी तिथे गळाला काकडी लावून ठेवलेली असते. मग गोष्टी सांगतात त्या जुन्या गवती छपराच्या घरात गेलो. मध्ये चौकोनी चूल, वर टांगलेली किटली, भोवती आम्ही सातआठ जण. गोष्ट सांगणाऱ्या आजी एवढ्याशा, कणखर आवाजाच्या. त्यांनी सुरुवातीलाच नियम सांगितला. त्यांची बोली मला अर्धीच कळत होती, म्हणून जुई कानात मराठीत सांगत होती. मी तिला ओर्लाच्या गोष्टी सांगायचे, आता ती मला आजींच्या सांगत होती.

"आई, त्या म्हणतायत की ऐकणाऱ्यांनी मध्ये मध्ये हं म्हणायचं. नाही म्हटलं तर गोष्ट थांबते."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हुंकार! तो तर आपल्याकडेही द्यावाच लागतो. झोप लागली की नाही हे सांगणाऱ्याला त्यावरूनच कळतं.

आजींनी सांगितली ती एका मुलीची आणि घोड्याची गोष्ट. शेतकऱ्याच्या मुलीचा घरच्या घोड्यावर जीव जडतो. बापाला ते सहन होत नाही, तो घोड्याला मारतो. मुलगी घोड्याच्या मानेला मिठी मारते आणि त्याच्याबरोबर आकाशात निघून जाते. बाप अंगणात उभा राहतो. आम्ही सगळे ठरल्याप्रमाणे हं हं करत होतो. बाप उरला तिथे माझा हुंकार जरा बारीक निघाला.

गोष्ट संपल्यावर आजींनी आमच्याकडे बघून विचारलं, तुम्ही लांबून आलात, तुमच्याकडची एखादी गोष्ट येते का? मी घाईघाईने मान हलवून नाही म्हणणार, तेवढ्यात जुई पाय दुमडून नीट बसली.

"माझ्या आईने सांगितलेली एक आहे," ती जपानीत म्हणाली. "आयर्लंडची."

आजींना गंमत वाटली. भारतातली मुलगी, आयर्लंडची गोष्ट. म्हणाल्या, सांग सांग.

जुईने सुरुवात केली. तीन बहिणी होत्या. "हं," सगळे म्हणाले. थोरली म्हणाली, मी घराबाहेर पडते. "हं." मला मजा वाटत होती. पोरगी सांगत छान होती, हातवारे थेट माझे. आता लोण्याचा गोळा येणार म्हणून मी वाट बघत होते.

"आईने चुलीवर भाकरी केली," जुई म्हणाली, "आणि विचारलं, अख्खी भाकरी आणि माझा शाप नेतेस, की अर्धी भाकरी आणि आशीर्वाद?"

हिला हे कुठून कळलं? मी तर कधीच सांगितलं नव्हतं. (शाळेच्या वाचनालयात सापडलं म्हणे, गेल्या वर्षीच. मला बोलली नव्हती.) बाकीचे हं म्हणाले. जुई पुढे सरकेना. ती माझ्याकडे बघत होती. मग आजी माझ्याकडे बघायला लागल्या, मग सगळेच. मी हुंकार दिला नव्हता.

त्या चुलीपाशी बसून मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. ही आई दुष्ट आहे, असं मी दहा वर्षं मानत आले. आणि गेले दोन आठवडे मी स्वतः काय करत होते? घरी राहिलीस तर सगळं मिळेल, शाळा, क्लास, तीन वेळचं गरम जेवण. गेलीस तर माझ्याकडे यायचं नाही. गोष्टीतली ती बाई निदान दोन गोष्टी पुढे करून विचारत तरी होती. तिच्या घरात आशीर्वाद मागायला जागा होती. मी आशीर्वाद तेवढा डब्यात घालून झाकण लावून ठेवला होता.

मला रडू येत होतं आणि सहासात अनोळखी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हं," मी म्हणाले.

जुईने श्वास सोडला आणि गोष्ट पुढे निघाली. थोरली फसली, मधली फसली. धाकटी म्हणाली, मला अर्धी पुरे. मग दलदल, जळतं रान, काचेचा डोंगर, सगळं ओलांडून ती बहिणींना सोडवून घेऊन आली. गोष्ट संपल्यावर आजींनी टाळ्या वाजवल्या आणि एक प्रश्न विचारला.

"उरलेल्या अर्ध्या भाकरीचं काय झालं?"

गोष्टीत ते नाही. मूळ गोष्टीतही नाही, माझ्या गोष्टीतही नाही. जुईने चुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "आईने खाल्ली असेल. तिलाही भूक लागतेच ना."

आजींनी समाधानाने मान हलवली, अगदी तसंच असणार असं म्हणाल्या आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

परतीच्या छोट्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. मग मीच म्हटलं, "मी त्या दिवशी बोलले ना, रडत यायचं नाही म्हणून. ते मागे घेते. रडत ये, हसत ये, अस्वल मागे लागलं तरी ये."

"अस्वल मागे लागलेलं असताना शिनकानसेन नाही पकडता येणार, आई."

"आणि महिन्यातून एकदा मेधाताईंकडे जायचं. आणि रोज फोन."

"रोज नाही. एक दिवसाआड."

आमची घासाघीस शिन-हानामाकीपर्यंत चालली. शेवटी एक दिवसाआड ठरलं. घरी पोचलो तर प्रसादने दार उघडलं, दोघींची तोंडं बघितली आणि काहीही न विचारता कुकर लावला.

हे सगळं आत्ता लिहितेय, कारण एप्रिल उजाडला. जुईने परीक्षा दिली, मुलाखत दिली, प्रवेश मिळाला. निघायच्या दिवशी मी पहाटेपासून दशम्या करत होते. दुधात कणीक भिजवून, गूळ घालून, केवढी तरी चळत. वसतिगृहातल्या सगळ्यांना पुरेल, शिक्षकांनाही देता येईल, असा माझा विचार. जुईने हातावर दही घालू दिलं, नमस्कार केला, मी डोक्यावर हात ठेवला. आशीर्वाद मोठ्याने म्हटला, कारण मनातल्या मनात म्हटलेला तिला ऐकू गेला नसता. मग तिने डबा उघडला, चळत मधोमध उचलली आणि वरची अर्धी माझ्या ताटात ठेवली.

"अगं, ने ना सगळ्या. आम्ही दोघं काय करू एवढ्यांचं?"

"खा," ती म्हणाली. "तुम्हालाही भूक लागतेच."

प्रसाद तिला पोचवायला गेला. मी जाणार नव्हते, मला माहीत होतं की फलाटावर माझं काय होईल. घर दिवसभर विचित्र रिकामं होतं. तिच्या खोलीत मी दोनदा गेले आणि पडदा सारखा करून परत आले. कुणी विचारलं, तोनो बघण्यासारखं आहे का, तर सांगेन की आहे, दोन दिवस काढून जा, सायकल घ्या, हातमोजे घ्या. पण धीट मुलींच्या गोष्टी लहानपणी सांगणार असाल, तर त्या पुढे खऱ्या होतात, एवढं लक्षात ठेवून सांगा. मला भीती वाटते अजून. ही भीती काही जायची नाही, आणि भाकरीसारखी मी ती गोष्टीत बदलूनही टाकणार नाही.

संध्याकाळी फोन आला. खोली छोटी आहे, शेजारची मुलगी ओसाकाची आहे, दशम्या संपल्यासुद्धा, बाहेर अजून थोडा बर्फ आहे. जुई न थांबता बोलत होती. मध्येच तिचा आवाज थांबला.

"आई? ऐकतेयस ना?"

माझ्या तोंडात माझ्या वाटणीची दशमी होती.

"हं," मी म्हणाले. "हं. पुढे सांग."